मोजल्याशिवाय आणलेला सेल्फ

बस इथं. फोन खिशात ठेव आणि माझं बोलून होईपर्यंत मधे बोलू नको. तुझी बाजू मी ऐकली, गाडीच्या मालकाचीही ऐकली, आणि तुझ्या गॅरेजच्या मागच्या फळीवर ठेवलेले तीन सेल्फही पाहून आलो. एक गाडीचा मूळचा, दोन तू आणलेले. गाडी मात्र ताडपत्रीखाली जिथल्या तिथं. आणि आता चौथा सेल्फ नागपूरहून मागवू की दिल्लीहून, असं मला विचारतोस. हा प्रश्न पहिला सेल्फ खोलायच्या आधी पडायला हवा होता.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये तुझ्या हातात व्हर्नियर मी दिला होता. मल्टिमीटरची काळी वायर कुठं आणि लाल कुठं, हे माझ्यासमोर शिकलास. म्हणून बोलायचा मला हक्क आहे. दुसरा कोणी असता तर मी त्याच्या गॅरेजची पायरी चढलो नसतो.

मालक आपल्या नाचणगावचाच पोरगा. पुण्यात नोकरी करून पैसे साठवले, हौसेची जुनी गाडी घेतली, गावी आणली. वडिलांना शेजारी बसवून वर्धा नदीच्या पुलापर्यंत न्यायचं, एवढीच त्याची इच्छा. पुण्यात गॅरेजं कमी नाहीत. तरी किल्ली त्यानं तुझ्या हातात दिली, कारण गावचा माणूस जीव लावून काम करेल असं त्याला वाटलं. तू त्याला सांगितलंस, "सेल्फ गेला, बदलावा लागेल." कशावरून सांगितलंस? मी तुला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तू म्हणालास, "आवाजावरून, सर." आवाज ऐकून संशय घ्यायचा असतो, बाबू. निकाल मीटर देतो.

आधी गाडीचं बोलू. बोनेटखाली काय आहे हे तुला सांगता आलं नाही. "स्पोर्ट्स कार आहे, विलायती आहे, पार्ट मिळत नाहीत," एवढंच तुझं उत्तर. ही चिंकारा रोडस्टर आहे. आपल्याच महाराष्ट्रात, अलिबागला, चिंकारा मोटर्सनं या गाड्या थोड्या संख्येनं बांधल्या. रूप घेतलं ते इंग्लंडच्या लोटस सेव्हनचं. ती कॉलिन चॅपमननं १९५७ साली आणली होती. लांब नाक, दोनच माणसांची जागा, वजन शक्य तितकं कमी. पण आतलं इंजिन कुठल्या शर्यतीच्या गाडीचं नाही. ते इसुझूचं १.८ लिटरचं, नेमकं सांगायचं तर १,८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसात हेच होतं आणि १९९०च्या दशकात अ‍ॅम्बॅसडरमध्येही हेच आलं. तू जिला विलायती म्हणतोस तिचं काळीज कलेक्टर कचेरीच्या आवारातल्या पांढऱ्या अ‍ॅम्बॅसडरच्या कुळातलं आहे. हे कळायला ब्लॉकवरचं तेल फडक्यानं पुसायचं, टॉर्च धरायचा, कोरलेला नंबर वाचायचा आणि वहीत लिहायचा. तुझ्या गॅरेजमध्ये वहीच नाही. मी शोधली.

आणि नुसतं गाडीचं नाव कळूनही भागत नाही. हातानं बांधलेल्या, कमी संख्येच्या गाड्यांत आधीच्या मालकानं काय बदललं असेल याचा भरवसा नसतो. इंजिनचा नंबर पाहायचा, मग बेलहाउसिंग पाहायचं, मग फ्लायव्हीलची रिंग पाहायची. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मचं उदाहरण घे. तीही दोन माणसांची, उघड्या छपराची, फायबरच्या अंगाची गाडी. तिच्यात रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन. आता कोणी म्हणेल, रेनॉचंच इंजिन आहे ना, मग नाशिकला बनलेल्या लोगानचा सेल्फ लावून टाक, तो सहज मिळतो. कंपनीचं नाव एकच, पण लोगानची पेट्रोल इंजिनं वेगळ्या कुळातली आहेत, १.४ आणि १.६ लिटरची. नावावर विसंबणारा तिथंही फसेल.

तू काउंटरवर जाऊन काय म्हणालास? "अ‍ॅम्बॅसडरचा सेल्फ द्या." कोणत्या अ‍ॅम्बॅसडरचा? ती गाडी पन्नास वर्षांहून जास्त काळ बनली, २०१४ साली थांबली. तेवढ्या काळात तिच्यात १,४८९ सीसीचं जुनं बीएमसी पेट्रोल इंजिन होतं, त्याच कुळातलं डिझेल होतं, मग इसुझूचं १.८ पेट्रोल आलं, इसुझूचं दोन लिटर डिझेल आलं. दुकानदारानं फळीवर जो होता तो दिला. त्याच्या अंगावरची पट्टी घासलेली, नंबर वाचता येत नाही. तो पेट्रोलचा की डिझेलचा, हे आजही तुला सांगता येत नाही. आणला आणि बसवला. का? तर बोल्टची भोकं जुळली म्हणून.

भोकं जुळली म्हणजे सेल्फ जुळला, हे तुला मी शिकवलेलं नाही.

त्या बीएमसी इंजिनाचीच एक गोष्ट ऐक, म्हणजे माझा राग कशाचा आहे ते कळेल. त्याच कुळातलं इंजिन इंग्लंडच्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि वाढवून १,७९८ सीसीचं केलेलं १९६२ पासूनच्या एमजीबीमध्ये. एमजीबीला सुरुवातीला जुन्या पद्धतीचा सेल्फ होता. त्यात आर्मेचर झटक्यानं फिरायचं आणि त्या झटक्यानं बेंडिक्सचा पिनियन आट्यांवरून सरकत रिंगवर जाऊन आदळायचा. १९६७च्या अखेरीस नवं मॉडेल आलं, तेव्हा सोलेनॉइडनं पिनियन आधी रिंगमध्ये सरकवायचा आणि मग मोटर फिरवायची, अशी रचना आली. गाडीचं नाव तेच, इंजिनाची क्षमता तीच. पण रिंग बदलली, मागची प्लेट बदलली, आणि एकाचा सेल्फ दुसऱ्याला सरळ लागत नाही. इतक्या नावाजलेल्या, लाखोंनी खपलेल्या गाडीत जर साल पाहिल्याशिवाय सेल्फ घेता येत नसेल, तर अलिबागच्या हातबांधणीच्या गाडीसाठी तू नुसत्या नावावर कसा घेतलास?

आता मुख्य गोष्ट. मूळचा सेल्फ गेलाच नव्हता.

काल संध्याकाळी तू पुलगावला गेला होतास, तेव्हा मी मालकाला घेऊन मीटर लावला. बॅटरी उभ्या स्थितीत १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. किल्ली फिरवल्यावर तिच्या खुंट्यांवर १०.८. म्हणजे बॅटरी खचत नव्हती. मग एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरलं आणि पुन्हा किल्ली फिरवायला लावली. तिथं फार तर पाव व्होल्ट दिसायला हवा. मला पावणेदोन व्होल्ट दिसले. इंजिन आणि चासीमधली तांब्याची विणलेली पट्टी हिरवी पडली आहे, आणि तिच्या थिंबलखाली रंग आणि गंज आहे. सेल्फला मिळायचा जोर त्या गंजात जळत होता. तू दोनदा सेल्फ बदललास, पट्टी तीच ठेवलीस. चाक रुतलेल्या बंडीला आणखी तगडा बैल जुंपावा तसं.

फायबरच्या अंगाच्या गाडीत अर्थिंगचा विचार सगळ्यात आधी यायला हवा. पत्र्याच्या गाडीत करंटला परत यायला बॉडीच्या दहा वाटा असतात, एक गंजली तर दुसरीनं भागतं. फायबरमधून करंट जात नाही. इथं परतीची वाट म्हणजे चासीचे पाइप आणि ती एक पट्टी. हिशेब अवघड नाही. सेल्फ इंजिन फिरवताना दीडशे ॲम्पियर ओढतो असं धर. वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथंच संपला. ओहमचा शंभरावा भाग तुझ्या साध्या मीटरवर दिसत नाही, म्हणून तर करंट चालू असताना व्होल्ट मोजायचे असतात. तू इंजिन बंद ठेवून वायरला बझर लावलास, तो वाजला, आणि म्हणालास, "वायर बरोबर आहे." त्या पट्टीत एक तार शाबूत असती तरी बझर वाजलाच असता. हे मी वर्गात फळ्यावर करून दाखवलं होतं. तू पहिल्या बाकावर होतास.

लाल बाजूलाही असंच मोजायचं. बॅटरीच्या धन खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, किल्ली फिरवलेली असताना, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की केबल, थिंबल किंवा सोलेनॉइडचे आतले तांब्याचे संपर्क पाहायचे. करंट मोजायचा असेल तर क्लॅम्प मीटर डीसीचा हवा. घरच्या वायरिंगवाल्याचा एसीचा क्लॅम्प तू मागून आणलास, त्यात शून्य आलं आणि त्यावरून तू ठरवलंस की सेल्फ करंटच घेत नाही. तो मीटर डीसी वाचतच नाही. ज्या हत्याराचं काम माहीत नाही त्याच्या आकड्यावर गिऱ्हाइकाचे पैसे खर्च करायचे नसतात.

पट्टी तशीच राहिली असती तर फक्त पैसे गेले असते. तू त्याहून मोठं नुकसान केलंस. रिंग खाल्लीस.

खाली वाकून टॉर्चनं मी रिंग पाहिली. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनवर अडतं, त्यामुळे रिंगवर समोरासमोर दोन ठिकाणी झीज जास्त असते. तेवढी जुनी झीज तिथं होती आणि तेवढ्यावर गाडी अजून बरीच वर्षं चालली असती. आता त्या दोन जागांच्या मधेही दातांची तोंडं चेपली आहेत, नव्या चकाकत्या धातूचे ओरखडे आहेत. ते तुझ्या दुसऱ्या सेल्फचे. किल्ली फिरवल्यावर दळण दळल्यासारखा आवाज आला, असं मालकानं तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, "नवा आहे, बसेल हळूहळू." पिनियन आणि रिंग कधी हळूहळू बसत नाहीत, लेका. ती पहिल्या फेरीला बसतात, नाहीतर एकमेकांना खातात.

सेल्फ निवडताना काय मोजायचं ते आता पुन्हा ऐक. पिनियनचे दात मोजायचे, जुन्याचे आणि नव्याचे. नऊ आणि दहा डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून खडूनं खूण करून बोट ठेवून मोजायचे. दोन्ही पिनियन शेजारी धरून दातात दात घालून पाहायचा, दाताची उंची आणि जाडी एक आहे का. दाताची चामफर कोणत्या बाजूला घासलेली आहे ते पाहायचं, कारण पिनियन ज्या बाजूनं आत शिरतो त्याच बाजूला ती असते. फ्लँजच्या तोंडापासून विसाव्याच्या पिनियनपर्यंतचं अंतर व्हर्नियरनं घ्यायचं आणि गाडीवर फ्लँजच्या बसण्यापासून रिंगपर्यंतचं अंतर घ्यायचं. विसाव्याला पिनियन रिंगपासून दोन-तीन मिलिमीटर दूर हवा. कमी असेल तर चालत्या इंजिनावर तो घासेल, जास्त असेल तर दाताच्या टोकावरच धरेल आणि सगळा जोर त्या टोकावर येईल. फिरण्याची दिशा पिनियनच्या तोंडाकडून पाहायची. नोजचा व्यास बेलहाउसिंगच्या भोकात घट्ट बसतो का ते पाहायचं, कारण सेल्फ मध्यावर येतो तो त्या नोजमुळे. बोल्ट फक्त धरून ठेवतात. तुझा दुसरा सेल्फ नोजला सैल होता. बोल्ट आवळताना तो एका बाजूला गेला आणि पिनियन तिरका लागला. हे सगळं टेबलावर अर्ध्या तासाचं काम. गाडीखाली झोपायच्या आधीचं.

बेंडिक्समधल्या वन-वे क्लचबद्दल तर तू साफ विसरलास. रिंगला १२० दात आणि पिनियनला १० धर. इंजिन मिनिटाला २०० फेरे घेताना सेल्फ २,४०० घेतो. इंजिन पेटलं आणि ८०० वर गेलं, तरी पिनियन रिंगमध्ये अडकला असेल तर त्याची गती ९,६००. कोणी घाईनं अ‍ॅक्सिलरेटर दाबून ३,००० वर नेलं तर ३६,०००. एवढ्या वेगाला आर्मेचरमधलं तांबं बाहेर फेकलं जातं. क्लच सुटा फिरतो म्हणून हे होत नाही. तिसऱ्या सेल्फचा क्लच मी हातानं फिरवून पाहिला. तो एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूलाही जवळजवळ घट्ट. म्हणजे तो अडकतो. दुकानातच हातानं फिरवून पाहिला असतास तर तिथंच परत केला असतास.

तुझं म्हणणं आहे की मोठा सेल्फ आणला, म्हणजे जोर जास्त मिळेल. कशाच्या जोरावर जास्त? बॅटरी तीच, केबल तीच, कुजलेली पट्टी तीच. मोठी डायरेक्ट मोटर जास्त करंट मागते, जास्त करंट म्हणजे त्याच वाटेवर जास्त व्होल्ट गमावणं. शिवाय तिचा सगळा जोर त्याच जुन्या रिंगच्या दातांवर. हलक्या गाडीत खरोखर जोर हवा असेल, तर गिअर रिडक्शनचा सेल्फ पाहायचा. त्यात लहान मोटर खूप वेगानं फिरते आणि आतल्या गिअरांमुळे, साधारण साडेतीन-चारास एक अशा प्रमाणात, पिनियनला जोर मिळतो. वजन कमी, करंट कमी, आकार लहान, म्हणून एक्झॉस्टपासून थोडी मोकळी जागाही मिळते. परदेशात जुन्या स्पोर्ट्स कार जपणारे लोक असे सेल्फ बसवतात आणि त्यात गैर काही नाही. पण त्यांची फ्लँज त्या नेमक्या इंजिनासाठी बनवलेली असते. इथं कुठल्या तरी जपानी गाडीचा लहान सेल्फ आणून लेथवर प्लेट बनवून घ्यायची असेल, तर आधी कागदावर सगळी मापं हवीत. तुझ्याकडे एकही माप नाही. म्हणून तो मार्ग तुझ्यासाठी आज बंद.

विदर्भातल्या उन्हाचंही तू मनात घेतलं नाहीस. मालकाची तक्रार तू नीट ऐकली असतीस तर कळलं असतं: सकाळी गाडी उठते, दुपारी फिरून आल्यावर पेट्रोल पंपावर उठत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि छोट्या बोनेटखाली, गरम मॅनिफोल्डच्या आसपास किती होत असेल? तांब्याचा अडथळा दर दहा अंशांना जवळजवळ चार टक्क्यांनी वाढतो. पंचवीसवरून शंभराच्या पुढे गेल्यावर तीस टक्के वाढला. सोलेनॉइडची ओढणारी कॉइल तापली की तिची ओढ कमी पडते आणि नुसता 'टक' होतो. आधीच पट्टीत पावणेदोन व्होल्ट जातात, त्यात हे. दोन्ही मिळून दुपारची गाडी अडली. पट्टी बदलायची, सोलेनॉइड आणि एक्झॉस्टच्या मधे पत्र्याची आड द्यायची, हे काम होतं. तू दुपारच्या उन्हात तीस-तीस सेकंद सेल्फ मारत बसलास. मालकाच्या वडिलांनी सांगितलं मला.

सेल्फ हे सतत चालायचं यंत्र नाही. १९१२च्या कॅडिलॅकला कारखान्यातूनच विजेचा सेल्फ बसवून आला, तो चार्ल्स केटरिंगचा. त्याआधी त्यानं दुकानातल्या कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती. मोटरला क्षणभरच जोर लावायचा असेल तर लहान मोटरकडूनही तिच्या ऐपतीपेक्षा जास्त काम घेता येतं, हे त्यानं तिथं हेरलं. त्यामुळेच सेल्फ एवढासा असतो. दहा सेकंद मारायचा, मग मिनिटभर थांबायचं. तू तीस सेकंद दाबून ठेवलास, तेव्हा आर्मेचरच्या टोकांवरचा रांगा वितळून उडाला. तिसऱ्या सेल्फच्या कव्हरच्या आत रांग्याचे थेंब चिकटले आहेत. मी बोटानं खरवडून पाहिले.

आणखी दोन गोष्टी, आणि या दोन्हीबद्दल मी तुला माफ करणार नाही. एक, सेल्फ खोलताना तू बॅटरीची अर्थ सोडली नाहीस. सेल्फच्या जाड बोल्टवर बॅटरी थेट येते, किल्ली बंद असली तरी. तुझा पाना चासीला टेकला आणि त्याच्या तोंडावर वितळल्याचा डाग पडला. त्या पान्याच्या जागी तुझ्या हातातलं कडं असतं तर? दोन, सोलेनॉइडच्या बोल्टवर तू स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणग्या काढत सेल्फ मारलास, गाडी गिअरमध्ये आहे की नाही हे न पाहता, पेट्रोलची नळी पाझरते आहे हे माहीत असताना. फायबरची गाडी पेटली तर ती विझवायला नाचणगावात कोण धावणार होतं? आणि समोर मालकाचे वडील खुर्ची टाकून बसले होते.

आता ऐक, काय करायचं ते.

मूळचा सेल्फ मी टेबलावर खोलून ठेवला आहे. आर्मेचर सुखरूप आहे, ग्राउलरवर तपासलं. कार्बन झिजले आहेत. मागचं बुश सैल आहे, म्हणून आर्मेचर फील्डच्या लोखंडाला एका जागी घासतं, त्याची चकाकी दिसते. सोलेनॉइडचे संपर्क जळलेले आहेत. हे सगळं दुरुस्त होणारं आहे. बुश घालण्याआधी ते तेलात बुडवून ठेव, कारण ते सच्छिद्र असतं आणि तेल पिऊन मग चालतं. कम्युटेटर लेथवर अगदी हलका घे, मग पट्ट्यांमधला अभ्रक अर्धा मिलिमीटर खाली कर, करवतीच्या पात्यानं, घाई न करता. रिवाइंडिंगच्या दुकानात तो न्यायचा नाही. विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी बांधणाऱ्यांचं काम चांगलं असतं, पण ते एसीचं, बारीक तारेचं आणि हजार फेऱ्यांचं. सेल्फमध्ये जाड चपटं तांबं असतं आणि फेरे मोजके. तू तिसऱ्या सेल्फची फील्ड कॉइल तिथून बांधून आणलीस, म्हणून तो टेबलावर रिकामा फिरतानाही दीडशेच्या वर ॲम्पियर खातो. असा सेल्फ साठ ते नव्वदच्या आत फिरायला हवा.

मूळच्या सेल्फचं काही कारणानं जमलंच नाही, तर इसुझू १.८ पेट्रोलचाच शोधायचा. अ‍ॅम्बॅसडर किंवा कॉन्टेसा, दोन्हीकडे चालेल, पण ब्लॉकवरचा नंबर आणि सेल्फच्या अंगावरचा नंबर कागदावर घेऊन जायचं, जुना सेल्फ पिशवीत घेऊन जायचं, आणि दुकानातच पिनियनशेजारी पिनियन धरायचा. जुन्या गाड्यांच्या भंगारातून मिळाला तर आधी खोलून पाहायचा, मग पैसे. ज्याच्यावर नंबर नाही तो फुकट दिला तरी घ्यायचा नाही.

रिंग मात्र बदलावीच लागेल. गिअरबॉक्स उतरेल, क्लच निघेल. जुनी रिंग गरम करून काढायची, नवी साधारण दोनशे अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापवून फ्लायव्हीलवर सोडायची आणि ती आपोआप थंड होऊ द्यायची. पाणी ओतायचं नाही. चामफरची बाजू उलटी लागली तर सगळं पुन्हा. बसवल्यावर दातांना निळा रंग लावून हातानं पिनियन बाहेर ओढून पाहायचं, दाताला दात पूर्ण रुंदीनं लागतो का. पट्टी नवी, जाड, दोन्ही टोकांना धातू पांढरा दिसेपर्यंत घासून. तिच्या जोडीला बॅटरीच्या ऋण खुंटीपासून थेट बेलहाउसिंगच्या बोल्टवर दुसरी केबल.

आज रात्रीच मालकाला फोन कर. पट्टी कुजलेली होती आणि ती न तपासता सेल्फ बदलले, हे त्याला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. रिंगचं काम आणि दोन्ही सेल्फचे पैसे तुझ्याकडून जातील हेही सांग. तो नको म्हणेल, आपल्या गावचा पोरगा आहे, संकोच करेल. तरी द्यायचे. आणि उद्या पहाटे गॅरेज उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीची अर्थ सोड आणि टर्मिनलवर कापड गुंडाळ. मी व्हर्नियर आणि डीसीचा क्लॅम्प घेऊन नऊला येतो. तोवर तिन्ही पिनियनचे दात मोजून वहीत लिहून ठेव.